विश्लेषण : आजीच्या डब्यातले जुने लॉकेट मोडण्याआधी काय पाहावे?

सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाखाच्या पुढे गेला आणि जुने देऊन नवे घेण्याकडे ओढा वाढला. लग्नसराईच्या तोंडावर वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावातल्या घरांमध्ये ठेवणीतले डबे उघडले जातात. जोडी हरवलेले कानातले, झिजलेली पाटली, तुटलेली साखळी असा सगळा ऐवज सराफाकडे जातो. त्यात कधीतरी एक अंडाकृती, नखाने उघडणारे छोटे लॉकेटही निघते. सराफ ते काट्यावर ठेवतो, कसोटीवर घासतो आणि म्हणतो, ‘‘सोने हलके आहे, घट बरीच जाईल.’’ तो खोटे बोलत नसतो. पण तो सोन्याचा भाव सांगत असतो, वस्तूचा नव्हे. ती वस्तू व्हिक्टोरिया राणीच्या काळातली निघाली, तर या दोन्हींत मोठा फरक असू शकतो. एकदा मुशीत गेल्यावर मात्र तो तपासायला काही उरत नाही.

व्हिक्टोरियन लॉकेट म्हणजे नेमके काय?

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. या ६४ वर्षांत घडलेले दागिने व्हिक्टोरियन म्हणून ओळखले जातात. लॉकेट हा त्या काळाचा सर्वांत खासगी दागिना होता. बाहेरून नक्षी, आत प्रिय माणसाचे काहीतरी. १८४० मध्ये पहिल्या मुलीच्या जन्मानंतर प्रिन्स अल्बर्टने राणीला एक कंकण दिले. त्यात प्रत्येक अपत्यामागे हृदयाच्या आकाराचे एक मिनेकाम केलेले लॉकेट जोडले जात गेले. अखेर नऊ मुलांची नऊ लॉकेट्स झाली आणि प्रत्येकात त्या मुलाची केसांची बट. १८६१ च्या डिसेंबरात अल्बर्टचे निधन झाले. राणीने मरेपर्यंत, म्हणजे जवळपास ४० वर्षे, काळे कपडे सोडले नाहीत. तिच्यामागोमाग काळ्या दागिन्यांची लाट आली. इंग्लंडच्या व्हिटबी किनाऱ्यावर मिळणारा काळा ‘जेट’, काळे मिनेकाम, आत दिवंगताचे केस. आज बाजारात दिसणारी बरीच काळी लॉकेट्स त्या शोककाळातली आहेत.

नक्षीलाही अर्थ असे. आयव्हीची वेल म्हणजे निष्ठा, साप म्हणजे अखंड प्रेम. राणीची साखरपुड्याची अंगठीही सापाच्या आकाराची होती. काही लॉकेट्सवर माणिक, पाचू, गार्नेट, अॅमेथिस्ट, माणिक आणि हिरा अशी सहा खडे ओळीने बसवलेली दिसतात. त्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडली की ‘रिगार्ड’, म्हणजे आदर किंवा आपुलकी, असा शब्द तयार होतो. खडे वेगवेगळ्या रंगांचे का, असे वाटून एखाद्याने ‘जुळत नाहीत’ म्हणून बदलून घेतले, तर तो शब्दच पुसला जातो.

हाताचे काम किती, यंत्राचे किती?

‘हाताने घडवलेले’ हा शब्द जुन्या दागिन्यांच्या जाहिरातीत फार सैल वापरला जातो. खरे तर यातली असंख्य लॉकेट्स बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार झाली. सोन्याचा पातळ पत्रा पोलादी साच्यावर दाबून पुढचा आणि मागचा भाग काढायचा, ते जोडायचे, मग कारागिराने हाताने नक्षी कोरायची. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साह्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि सोन्यासारखी दिसणारी स्वस्त लॉकेट्सही वाढली.

यात आपल्याला परके वाटण्यासारखे काही नाही. आपल्या सोनाराचा ठसा हे त्याच तंत्राचे भावंड. पातळ पत्रा ठशावर ठोकून नक्षी उठवायची आणि पोकळीत लाख भरायची, ही पुतळी किंवा बोरमाळेच्या मण्यांमागची जुनी युक्ती. कमी सोन्यात भरदार दागिना हेच दोन्हीकडचे गणित. त्यामुळे लॉकेटमधले कौशल्य शोधायचे तर पत्र्यापेक्षा बिजागरी पाहावी. चांगल्या लॉकेटची बिजागरी इतकी बारीक नळीची असते की बंद केल्यावर ती सांध्यात लपते. दीडशे वर्षांनंतरही झाकण ‘टक्’ आवाज करून बसत असेल, तर ते काम जाणत्या हाताचे. मग कोरीवकाम भिंगाखाली पाहावे. हाताच्या रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता असतो, खोली कमीजास्त होते. ओतीव नकलेत रेघांच्या कडा मऊ असतात आणि बारीक छिद्रे दिसतात.

वर्ध्यात असे लॉकेट येईल कुठून?

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, वर्धा शहर वसले १८६६ मध्ये, आणि मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला भाव आला. म्हणजे हा जिल्हाच लॉकेटच्या ऐन बहराच्या काळात जन्मला. कापसाचा पैसा, मुंबईशी थेट गाडी, गोरे अधिकारी, रेल्वेचे नोकर, मिशनरी... विलायती वस्तू इथल्या घरांत शिरायला एवढे रस्ते पुरेसे होते.

तरीही ‘आमच्याकडे व्हिक्टोरियाचे लॉकेट आहे’ असे सांगणाऱ्या घरात बहुतेकदा निघते ते वेगळेच : कडी लावलेला राणीछाप रुपया किंवा हारात ओवलेली गिन्नी. ही कमी प्रतीची गोष्ट नव्हे, उलट ती ओळखायला सोपी. रुपयावर ‘क्वीन’ असेल तर तो १८७६ पर्यंतचा, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ नंतरचा. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी सुमारे ९१.७ टक्के. गिन्नी २२ कॅरेटची, सुमारे ८ ग्रॅमची. तिच्यावरचा राणीचा चेहरा तरुण असेल तर ती १८८७ पर्यंतची किंवा त्याच वर्षाची. डोक्यावर छोटा मुकुट असलेली ज्युबिलीची छबी १८८७ ते १८९३ मधली आणि बुरखा घेतलेली वृद्ध राणी १८९३ नंतरची. कडी झाळलेल्या नाण्याला नाणेसंग्राहक कमी किंमत देतात. पण म्हणून ती कडी उपटू नये. झाळल्याचा डाग राहतो आणि नाणे ना दागिना राहते, ना नाणे.

लॉकेटचे काम आपल्याकडे ताईत करीत आला आहे. सोन्या-चांदीची बंद पेटी, आत मंत्राची चिठ्ठी किंवा अंगारा. फरक इतकाच की ताईत उघडायचा नसतो.

मागची बाजू कशी वाचायची?

एक साधे भिंग घ्या आणि लॉकेटची आतली कड, मागची बाजू आणि वरची कडी तपासा. ब्रिटनमध्ये २२ आणि १८ कॅरेट आधीपासून होते. १८५४ च्या कायद्याने १५, १२ आणि ९ कॅरेटलाही परवानगी मिळाली. १९३२ मध्ये १५ आणि १२ रद्द होऊन त्यांच्या जागी १४ आले. त्यामुळे ‘१५’ किंवा ‘.६२५’ असा ब्रिटिश शिक्का दिसला, तर वस्तू १८५४ ते १९३२ या दरम्यानची, एवढे खात्रीने म्हणता येते. नांगराचे चिन्ह बर्मिंगहॅमचे, बिबट्याचे तोंड लंडनचे. चालणारा सिंह असेल तर ९२.५ टक्के चांदी. सोबतचे एकटे अक्षर वर्ष सांगते, त्याचे तक्ते उपलब्ध आहेत.

‘९ कॅरेट बॅक अँड फ्रंट’ असे कोरलेले असेल तर फक्त पुढचा-मागचा पत्रा सोन्याचा आणि आतली चौकट हलक्या धातूची. आणि कोणताच शिक्का नसला तर? घाबरू नका. त्या काळातल्या सोन्याच्या पुष्कळ लहान दागिन्यांवर शिक्का नसेच.

‘१४’ मात्र सावधपणे वाचावे. १९६३ मध्ये सोने नियंत्रणाचे नियम आले आणि नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा शुद्ध करण्यावर बंदी आली. सोनारांच्या हातचे काम गेले, ती आठवण जुन्या पेढ्यांत अजून निघते. तेव्हा घरातले १४ कॅरेटचे ‘राणीच्या वेळचे’ लॉकेट प्रत्यक्षात साठच्या दशकातले असू शकते.

आजच्या हॉलमार्कशी या शिक्क्यांचा संबंध नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हे नव्या विक्रीसाठी आहेत. बीआयएस केअर अॅपवर जुन्या लॉकेटचा शिक्का सापडणार नाही आणि १५ कॅरेट हा दर्जा आपल्या यादीतच नाही. हॉलमार्क नाही म्हणून जुना दागिना विकता येत नाही, हा समजही चुकीचा. ग्राहक तो सराफाला विकू शकतो. शुद्धता तपासायची तर कानसीने घासू देऊ नये, कॅरेट मीटरवर तपासणी मागावी. हे यंत्र वरचा थरच वाचते, म्हणून जाड मुलाम्याला ते फसू शकते हे लक्षात ठेवावे.

आत केस निघाले तर?

आपल्या घरात हमखास होणारा प्रकार म्हणजे लॉकेट उघडायचे, काचेखाली केसांची वेणी दिसायची आणि शहारून ती फेकून द्यायची. आपल्याकडे कापलेले केस घरात ठेवणे अशुभ मानतात, त्यामुळे ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे. संग्राहकासाठी मात्र ते केस, तो पिवळा पडलेला फोटो आणि मागे कोरलेले नाव-तारीख हाच लॉकेटचा अस्सलपणा. आतला ऐवज शाबूत असलेले लॉकेट आणि रिकामे लॉकेट यांची किंमत सारखी नसते. घरात नको वाटत असेल तर तसेच विकावे, रिकामे करून नव्हे.

मोडले तर हाती काय येते?

समजा लॉकेट ६ ग्रॅमचे, ९ कॅरेटचे आहे. शुद्ध सोने ३७.५ टक्के, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. त्यातून घट वजा. ‘बॅक अँड फ्रंट’ असेल तर आणखी कमी. हे सोने एखाद्या नव्या मंगळसूत्राच्या घडणावळीतच जिरून जाते. १५ कॅरेटचे ८ ग्रॅमचे असेल तर पाच ग्रॅम येतात, तिथे मोह मोठा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक व्हिक्टोरियन लॉकेट म्हणजे घबाड नाही. कारखान्यात हजारोंनी निघालेली, झिजलेली, बिजागरी तुटलेली लॉकेट्स परदेशातही स्वस्तात मिळतात. गरज असेल त्या घराने सोने मोडले तर त्यात चूक काहीच नाही. सोने त्यासाठीच तर साठवले जाते. आणि दागिन्याचा मोह सोडण्याची वर्ध्याची स्वतःची परंपरा आहे. १९०७ मध्ये सतरा वर्षांच्या जमनालाल बजाज यांनी लग्नसमारंभात दागिने घालून जायला नकार दिला. त्यावरून आजोबा बच्छराज यांच्याशी बिनसले, तेव्हा इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहून ते घराबाहेर पडले. पुढे जानकीदेवींनीही सोने वापरणे सोडले. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी हरिजन यात्रा वर्ध्यापासून सुरू केली. त्या यात्रेत ते सभांमध्ये स्त्रियांकडून दागिने मागत आणि तिथेच त्यांचा लिलाव करीत. ते जाणून-बुजून सोडलेले दागिने होते. न पाहता आटवलेल्या लॉकेटची गोष्ट वेगळी.

कायदा कुठे आड येतो?

पहिला धोका वाघनखाचा. इंग्रज काळात वाघाच्या नखांना सोन्याची कोंदणे करून लॉकेट्स आणि ब्रोच बनत. आपल्याकडेही मुलांच्या गळ्यात वाघनख घालत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वाघ पहिल्या परिशिष्टात आहे. मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय नख बाळगणेही गुन्हा ठरतो आणि विक्रीला तर परवानगीच नाही. ‘पणजोबांचे आहे’ हे उत्तर चालत नाही. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. हस्तिदंतावर रंगवलेले छोटे चित्र बसवलेल्या लॉकेटचीही विक्री करता येत नाही. अशा वस्तूचा फोटो विक्रीसाठी समाजमाध्यमावर टाकण्याआधी वन विभागाशी बोलावे.

दुसरा धोका कुरिअरचा. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी नाणी, कलावस्तू, कारागिरीच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे आणि दंड. मोबाइलवर परदेशी ग्राहक चांगली किंमत देतो म्हणून दीडशे वर्षांचे लॉकेट पाकिटात घालून पाठवणे हा गुन्हाच. देशात विकता येते, मात्र पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा परवाना हवा. घेणाऱ्याने तो पाहायला मागावा.

ठेवायचे ठरवले तर?

रिठ्याच्या पाण्यात बुडवू नका. बाकी सोन्याला ते चांगले, पण लॉकेटच्या सांध्यातून पाणी आत गेले की फोटो आणि केस दोन्ही कुजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरे. यंत्रावर पॉलिश करू नका, एका फेरीत कोरीवकामाच्या कडा जातात. बिजागरी सैल झाली तर कथलाचा डाग देऊ नका. सोन्याच्या झाळाने किंवा लेझरने काम करणारा कारागीर शोधा, तो नागपूरच्या इतवारीत मिळू शकेल. बाकी दागिन्यांपासून वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा, आणि सोबत एका चिठ्ठीवर लिहा : कोणाचे, कोणाकडून आले, कधी. घरात हे सांगू शकणारे माणूस असेपर्यंतच ही चिठ्ठी लिहिता येते.