हरळीचा चर आणि पावसाचे पाणी

शेजारी १९२७ पासून कचरा झेलणारी कचराभूमी, पलीकडे ठाण्याची खाडी. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की देवनारच्या सखल वस्त्यांतले पाणी खाडीत उतरत नाही, गल्लीत चढते. त्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि पायावर साधा ओरखडा असला तरी लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात.

आपल्या गल्ल्या सिमेंटच्या, अंगणे लादीची. पाणी मुरणार कुठे? म्हणून विहाराचे अंगण किंवा शाळेचे मैदान, जिथे माती उरली आहे तिथे हरळीचा चर करावा, असे आम्ही सुचवतो. शेतातली हरळी शेतकऱ्याला नकोशी, पण बांधावरची हवीशी, कारण ती माती धरून ठेवते. चरातही ती तेच करते. पत्र्यावरून धावत आलेले पाणी गवतात अडखळते, गाळ खाली बसतो, थोडे पाणी मुरते, उरलेले सावकाश नाल्याकडे जाते.

चर उथळ हवा. तळ एक फूट, खोली सहा इंच, दोन्ही काठ इतके पसरट की वरची रुंदी चार फूट भरेल. मूल पडले तरी लागू नये. शंभर फुटांत एक-दोन फूट उतार पुरे. गवत तीन इंचांपेक्षा खाली कापू नका, साचलेला गाळ मात्र काढत राहा.

आता आपल्या भागातली खरी अडचण. इथली बरीच जमीन भरावाची आहे. आधी फूट-दीड फूट खड्डा खणून बघा. प्लास्टिक, चिंध्या, काच निघाली, काळी माती घाण मारू लागली, तर तिथे चर नको. कचऱ्यातून मुरलेले पाणी आणखी विषारी होऊन खाली उतरते. भरतीचे पाणी खालून वर येत असेल, तिथेही नको.

मोरीचे, संडासाचे पाणी चरात सोडायचे नाही. ते गटारातच गेले पाहिजे, आणि गटार साफ करणे हे महापालिकेचे काम आहे. चर केला म्हणून ते मागणे सोडू नये. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांतही चर रिकामा झाला नाही तर उतार चुकला आहे. आठवडाभरात त्यात डास तयार होतील.

गवताने लेप्टोचे जंतू मरत नाहीत. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा आणि ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर तसे आधीच सांगा.