1 मे: एकाच दिवशी दोन राज्यं कशी जन्मली?

मागच्या भागानंतर इंदापूरहून एक व्हॉइस नोट आली. प्रश्न साधा होता: "1 मे आपला महाराष्ट्र दिन. मग गुजरातचा स्थापना दिवसही तोच कसा? भांडण तर त्यांच्याशीच होतं ना?"

प्रश्न भारी आहे, कारण आपल्याला माहीत असलेली गोष्ट अर्धीच आहे. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच.

आधी दोन शब्द समजून घेऊ. स्वयंनिर्णय म्हणजे आपण कुणाबरोबर आणि कुठल्या व्यवस्थेत राहायचं, हे तिथल्या लोकांनी ठरवणं. सार्वभौमत्व म्हणजे आपल्यावर बाहेरच्या कुणाचीही सत्ता नसणं. संयुक्त महाराष्ट्राला वेगळा देश नको होता. भारतातच मराठी माणसांचं राज्य हवं होतं, म्हणजे मुद्दा पहिला. गोव्यात पोर्तुगीज बसले होते, तिथं दुसरा.

आता 1956 मध्ये जाऊ. मुंबई केंद्रशासित करायची घोषणा जानेवारीत झाली आणि शहर पेटलं. दंगली झाल्या, गोळीबार झाले, मराठी-गुजराती संबंध फार ताणले गेले. 6 फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या बैठकीचे अध्यक्ष होते केशवराव जेधे. हे नाव लक्षात ठेवा, पुढं बारामतीत परत येणार आहे.

ऑगस्टमध्ये दिल्लीनं नवाच तोडगा काढला. मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून एकच मोठं द्विभाषिक मुंबई राज्य. दिल्लीला वाटलं, भांडण मिटलं. झालं उलटंच. 8 ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तरुण पोरं गेली. त्यातून इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषद उभी राहिली.

नीट बघा, फ्लोरा फाउंटनला आणि अहमदाबादेत गोळ्या चालल्या तेव्हा मुख्यमंत्री एकच होते, मोरारजी देसाई. आंदोलनं दोन, पण अडचण एकच: न मागितलेलं एकत्र राज्य.

आपल्याकडचं उदाहरण देतो. नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो. टेलचा शेतकरी म्हणतो, वरचेच सगळं पाणी घेतात. वरचा म्हणतो, आमचंच आधी भिजू द्या. आवर्तनावरून तावातावानं भांडतील. पण अख्ख्या कालव्याचंच पाणी कमी होणार अशी बातमी आली की दोघं एकाच मोर्चात दिसतात. वाटणीचं भांडण मिटलेलं नसतं. फक्त त्याच्या आधी काय मिळवायचंय, हे दोघांना कळलेलं असतं.

समिती आणि परिषदेचं तसंच झालं. डांगवर दोघांचा दावा होता, उंबरगावचाही वाद होता. तरी "हे राज्य मोडा" यावर एकमत होतं. आणि एकमेकांची गरजही होती. 1957 च्या निवडणुकीत समितीनं मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबरदस्त दणका दिला. पण गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जागांवर यशवंतराव चव्हाणांचं सरकार टिकलं. म्हणजे समितीनं एकटीनं कितीही जोर लावला तरी आकडा जमत नव्हता. शिवाय आंदोलन फक्त मराठी असतं, तर "हे गुजरात्यांच्या विरोधात आहेत" असं म्हणून बाजूला सारता आलं असतं. अहमदाबादहून खुद्द इंदुलाल याज्ञिक लोकसभेवर निवडून आले, तेव्हा ती सबब संपली.

दोन्हीकडं सगळ्यांचं एकच मत होतं, असं मात्र समजू नका. हेच जेधे 1957 मध्ये बारामतीतून खासदार झाले. 1959 मध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक लागली. शेकापकडून काटेवाडीचे वसंतराव पवार उभे होते. त्यांचे धाकटे भाऊ शरद पवार प्रचार करत होते काँग्रेसच्या गुलाबराव जेध्यांचा. घर एक, बाजू दोन! जिंकले जेधे.

शेवटी 1 मे 1960 ला द्विभाषिक राज्य मोडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली, डांग आणि उंबरगाव गुजरातला. गुजरातला आर्थिक भरपाईही ठरली. दोघांनाही सगळं मिळालं नाही, पण मुख्य मागणी दोघांचीही पूर्ण झाली. म्हणून वाढदिवस एकच.

मग बेळगावात असं का जमलं नाही? कारण तिथं कन्नड आणि मराठी बाजूंना एकत्र मिळवायचं असं काहीच नव्हतं. एकाला मिळालं की दुसऱ्याचं जातं. 2004 पासून ते प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे.

आता गोवा. माझ्या मते खरी परीक्षा इथं आहे. 18 मे 1955 ला ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. गोऱ्यांना तिथं तुरुंगवास झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं गेली. 19 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्यानं गोवा मुक्त केला.

मग महाराष्ट्रात अनेकांना वाटलं, गोवा आता आपल्यातच येणार. गोव्यात तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूचं भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकारही होतं. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170 मतं, वेगळं राहण्याच्या बाजूनं 1,72,191. गोवा "नाही" म्हणाला.

आपल्याकडं काहींना ते लागलं. आमची माणसं तुमच्यासाठी तुरुंगात गेली आणि तुम्ही आम्हालाच नको म्हणता? पण गोऱ्यांची तुकडी गेली होती ती गोवेकरांना स्वतःचं स्वतः ठरवता यावं म्हणून. त्यांनी ठरवलं. उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न विचारायचा हक्क काढून घेता येत नाही. तसं केलं, तर दिल्लीनं 1956 मध्ये आपल्याशी जे केलं तेच आपण दुसऱ्याशी करतो.

म्हणून मला वाटतं, शेजाऱ्याच्या लढ्यात साथ देणं एक वेळ सोपं. जिंकल्यावर त्याला त्याच्या वाटेनं जाऊ देणं अवघड. येत्या 1 मेला व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकाल, तेव्हा गुजरातमधल्या एखाद्या मित्रालाही शुभेच्छा पाठवा. त्या दिवसात त्याच्या लोकांचाही वाटा आहे.

तुमच्या घरात त्या काळातलं कुणी असेल तर त्यांना विचारा, ते कुठल्या बाजूला होते. आणि त्यांचं उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात.