खबर दिली, पुढे काय?

शिकारीची माहिती देणारा माणूस दुसऱ्यांदा फोन का करत नाही? अकोले तालुक्यातल्या रानाच्या निमित्ताने, कायद्याचं बळ नेमकं कुठे गळतं याचा शोध.

दुचाकीच्या क्लचची तुटकी वायर गॅरेजबाहेरच्या भंगारात फुकट मिळते. रानडुकरासाठी लावली जाणारी फासकी बहुतेक वेळा त्याच वायरची असते. करवंदीच्या जाळीला एक टोक आवळलेलं, दुसऱ्या टोकाला सरकफास आणि तो फास जनावरांच्या मळलेल्या वाटेवर, पाचोळ्याच्या रंगात मिसळून गेलेला. दोन पावलांवर उभं राहिलं तरी नजरेला पडत नाही. फासकीला डुक्कर कोण आणि भेकर कोण हे कळत नाही. ससा, कोल्हा, तरस, कुत्रं, ज्याचा पाय किंवा मान पडेल त्याला ती धरते. कोकणात डुकरांसाठी लावलेल्या फासक्यांत बिबटे अडकल्याच्या बातम्या वारंवार येतात. कमरेत वायर रुतलेलं जनावर जितकं ओढ घेतं, तितकी ती आत शिरते.

अशी फासकी गुरं वळणाऱ्या एखाद्या पोराला दिसते. किंवा रात्री डोंगराच्या सोंडेवर बॅटरीचे झोत फिरताना दिसतात आणि मागोमाग ठासणीच्या बंदुकीचा बार झालेला एखाद्या शेतकऱ्याला ऐकू येतो. तो धीर करून फोन लावतो. मग जी उत्तरं मिळतात ती राज्यात कुठेही थोड्याफार फरकाने सारखीच असतात. ‘ती हद्द आमची नाही.’ ‘साहेब मीटिंगला आहेत.’ ‘जनावर मेलंय का? मग काय पंचनामा करणार?’ ‘तुम्हीच नावं सांगा, सही करा.’ दुसऱ्या दिवशी कुणी आलंच तर फासकी जागेवर नसते आणि फोन कुणी केला हे गावभर झालेलं असतं. पुढच्या वेळी तो माणूस बार ऐकतो आणि कूस बदलून झोपतो. त्याच्या गप्प बसण्याला आपण लोकांची अनास्था म्हणतो. खरं तर ती यंत्रणेने त्याला लावलेली सवय आहे.

दोन हद्दींचं रान

अकोले तालुक्याला राखण्यासारखं पुष्कळ आहे. कळसूबाईच्या 1646 मीटर उंच शिखरापासून हरिश्चंद्रगडापर्यंतच्या डोंगररांगेत 1986 मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र 361.71 चौरस किलोमीटर. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही सगळी याच रानातली किंवा रानाला लागून असलेली गावं. अभयारण्याचा कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे, भंडारदरा आणि राजूर या दोन परिक्षेत्रांतून चालतो. अभयारण्याबाहेरचं जंगल मात्र प्रादेशिक वनविभागाकडे, म्हणजे अहिल्यानगरकडे. जनावराला ही रेघ ठाऊक नसते आणि शिकाऱ्याला ती चांगली ठाऊक असते.

खाली प्रवरेच्या काठाने उसाचा पट्टा लागतो. तिथलं चित्र आणखी वेगळं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात, दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसं त्यांना आढळली. म्हणजे वन्यजीव फक्त वर गडांच्या बाजूला नाहीत, साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्याच्या बांधावरही आहेत. वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य दाखवणारा आदिवासी समाज याच तालुक्यात आहे. जनावराबरोबर राहण्याची रीत इथे जुनी आहे. कमी पडते ती ही रीत मोडणाऱ्याला हात घालणारी यंत्रणा.

कायदा कमजोर नाही

‘कायद्यातच दम नाही’ हे वाक्य चावडीवर सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम वाचला तर तो चांगलाच कडक आहे. त्यातल्या व्याख्येनुसार शिकार म्हणजे केवळ जीव घेणं नव्हे. जाळ्यात, फाशात पकडणं, हाकारा घालणं, आमिष लावणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं हीदेखील शिकारच. म्हणजे रिकामी फासकी हासुद्धा गुन्हा आहे आणि ‘मेलेलं जनावर दाखवा’ या उत्तराला कायद्यात आधार नाही.

2022 मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. बिबट्या, खवल्या मांजर, घोरपड ही पहिल्या अनुसूचीतली जनावरं. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. ससा, तित्तिर, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अकोलेकरांनी लक्षात ठेवावं असं कलम याच्या पुढे आहे. शिकार अभयारण्याच्या आत झाली असेल तर जनावर कोणतंही असो, किमान शिक्षा तीन वर्षांचीच. कुमशेतच्या वरच्या रानात मारलेला ससा आणि कोतूळच्या बांधावर मारलेला ससा कायद्याच्या लेखी एक नाहीत. ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरलेली आहे, त्यात दंड भरून तडजोड करण्याची मुभाही नाही. अभयारण्याबाहेरच्या सशाच्या प्रकरणात मात्र अधिकृत अधिकारी रक्कम भरून घेऊन ते मिटवू शकतो. या रकमेची कमाल मर्यादा पूर्वी 25 हजार होती, आता ती पाच लाख आहे. म्हणून पंचनाम्यात घटनास्थळ कुठलं लिहिलं जातं, ओढ्याच्या अलीकडचं की पलीकडचं, यावर आरोपी कैदेच्या वाटेला लागतो की पावती घेऊन घरी जातो हे ठरतं.

पहिल्या दिवसाचा कागद

शिकारीचे खटले कोर्टात पडतात हे आपण ऐकतो, पण त्यांची पडझड बरीच आधी सुरू झालेली असते. साखळी अशी असते. वनरक्षक जागेवर जातो, पंचांसमक्ष पंचनामा करतो, वायर, काडतूस, रक्त, केस, मांस जप्त करून सीलबंद करतो आणि प्राथमिक गुन्हा नोंदवतो. पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतो. मांस शिजवलेलं असलं तरी त्याच्या डीएनएवरून जनावर ओळखता येतं. त्यासाठी नमुने हैदराबाद किंवा देहरादूनच्या प्रयोगशाळेत जातात. जबाबांचं महत्त्व तर मोठं आहे. सहायक वनसंरक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा कोर्टात ग्राह्य धरला जातो. असा अधिकार प्रत्येक खात्याला मिळत नाही.

पण हे सगळं पहिल्या दिवसावर उभं असतं. पंचनामा दोन दिवसांनी झाला, सील नीट लागलं नाही, जागेची अक्षांश-रेखांशासह नोंद झाली नाही, पंच म्हणून दर वेळी तीच दोन माणसं उभी केली, की बचावाच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत. वनरक्षकाची बाजूही इथे सांगायला हवी. पावसाळ्यात धुक्यात बुडालेला बीट, दुचाकीवर एकटा माणूस, हातात काठी आणि समोर बंदूकवाले चौघे. दिवसा वणवा, अतिक्रमण, काजव्यांच्या हंगामातली पर्यटकांची गर्दी, बिबट्याचा पिंजरा. कायद्याचं शिक्षण जेमतेम. त्याच्या एकट्याच्या माथी सगळा दोष मारणं अन्यायाचं होईल. पण तो एकटा का, हा प्रश्न वरच्यांना विचारायलाच हवा.

पहिल्या कागदाचं मोल जोधपूरच्या काळवीट प्रकरणाने देशाला दाखवलं. ऑक्टोबर 1998 मध्ये कांकाणी गावाच्या शिवारात रात्री बार ऐकून बिष्णोई गावकरी धावले, त्यांनी गाडीचा पाठलाग केला आणि थेट नामवंत अभिनेत्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. पहिल्या शवविच्छेदनात मृत्यूचं कारण गोळी नसून वेगळंच नोंदलं गेलं होतं. दुसऱ्या तपासणीने ते खोडलं, पण बचावाला कित्येक वर्षं पुरेल असा मुद्दा मिळून गेला. सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा झाली ती 5 एप्रिल 2018 रोजी, जवळजवळ वीस वर्षांनी, आणि अपील त्यानंतरही सुरू राहिलं. गाव मागे हटलं नाही म्हणून खटला तिथवर पोचला. पण प्रत्येक गावाकडून वीस वर्षांच्या चिकाटीची अपेक्षा धरणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे.

खबर देणाऱ्याच्या हातात काय आहे?

फासकी किंवा मेलेलं जनावर दिसलं तर हात लावू नये. वायर काढून घरी आणली की पुरावा संपला. जनावर जिवंत अडकलं असेल तर जवळ न जाता, गर्दी न जमवता वनखात्याला बोलवावं. फोनवर फोटो काढताना जागेची नोंद सुरू ठेवावी, मूळ फोटो पुसू नये आणि तो गावाच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरावा. ग्रुपवर गेलेली बातमी सर्वांत आधी शिकाऱ्याला कळते.

वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा आणि त्याच दिवशी दोन ओळींचा लेखी अर्ज किंवा ईमेल परिक्षेत्र कार्यालयाला द्यावा. हद्दीचा वाद असेल तर वन्यजीव आणि प्रादेशिक, दोन्हीकडे द्यावा. तोंडी खबर हवेत विरते, आवक क्रमांक पडलेला कागद उत्तर मागतो. नाव पुढे येण्याची भीती असेल तर गुप्त माहिती म्हणूनही कारवाई करता येते, खबऱ्याला साक्षीदार करणं बंधनकारक नाही. झडती, जप्ती आणि अटकेचा अधिकार वनाधिकाऱ्यांइतकाच उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलिसालाही आहे, म्हणून ‘हे वनखात्याचं काम’ हे पोलीस ठाण्याचं उत्तरही पुरेसं नाही.

आणि तरीही कुणी हललं नाही तर? अधिनियमाच्या 55 व्या कलमात सामान्य माणसाला फार मोठा अधिकार दिलेला आहे. गुन्ह्याची आणि आपण तक्रार दाखल करणार असल्याची किमान साठ दिवसांची रीतसर नोटीस सरकारला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला देऊन कुणीही नागरिक थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकतो. शिवाय 60-अ कलमानुसार गुन्हा उघड करायला मदत करणाऱ्याला वसूल दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम बक्षीस म्हणून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. ही दोन्ही कलमं प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हवीत. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच मान्य केली आहे, ती फक्त शहरातल्या मोठ्या खटल्यांसाठी नाही.

कुणाला धरायचं?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अंमलबजावणी ढिली असते तेव्हा ती सगळ्यांसाठी सारखी ढिली नसते. घोरपड भाजून खाणारा कातकरी किंवा ठाकर पोरगा सापडतो, कारण तो पायी असतो आणि त्याच्या बाजूने फोन करणारा कुणी नसतो. जीप घेऊन, बॅटऱ्या आणि परवान्याची बंदूक घेऊन मौजेसाठी येणारा सुटतो, कारण त्याच्यासाठी फोन आधीच गेलेला असतो. आकडा दाखवायला गरिबावर गुन्हे आणि बड्यांकडे काणाडोळा, अशाने गावाचा कायद्यावरचा विश्वास उडतो. ज्या माणसाने खबर द्यायची, तोच खात्याकडे संशयाने पाहू लागतो.

शेतकऱ्याचं दुःखही खरं आहे. रात्रीत डुकरांनी भात, भुईमूग उधळला आणि भरपाईसाठी हेलपाटे पडले, की फासकीबद्दल गावात सहानुभूती तयार होते. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत परवानगीने उपाय करण्याची वाट कायद्यात आहे. ती वाट वेळेत चालू राहिली तर वायरीची गरज कमी होईल. भरपाईची फाईल जितकी हळू सरकते, तितक्या फासक्या वाढतात. शिकार रोखणं आणि शेतकऱ्याला वेळेवर पैसे देणं ही म्हणूनच एकाच कामाची दोन टोकं आहेत.

मागणी साधी आहे

उसात बिबट्या दिसला की तासाभरात गर्दी जमते, पुढाऱ्यांचे फोन जातात आणि पिंजरा येतो. म्हणजे यंत्रणा हलते, तिच्यावर डोळे असले की हलते. हे डोळे शिकारीच्या तक्रारीवरही लागायला हवेत.

प्रत्येक खबरीला क्रमांक मिळावा. चोवीस तासांत जागेची पाहणी व्हावी आणि काही सापडलं नाही तरी तसं लेखी कळवावं. हद्दीचा निकाल दोन कार्यालयांनी आपापसात लावावा, तोवर जो जवळ असेल त्याने पंचनामा करावा. किती तक्रारी आल्या, किती गुन्हे नोंदले गेले, किती तडजोडीत मिटले आणि किती कोर्टात गेले, याची यादी दर तिमाहीला ग्रामसभेपुढे वाचली जावी. खबर देणाऱ्याचं नाव त्या यादीत असण्याची गरज नाही, खात्याने काय केलं एवढं पुरे. 2006 च्या वनहक्क कायद्याने वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेलाच आहे. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात पेसा कायदाही लागू आहे. ग्रामसभेने ठराव करून ही यादी मागितली तर ती कुणाची मेहेरबानी ठरणार नाही.

या कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. पहिल्या फोनला मिळालेलं सरळ उत्तर हीच शिकारप्रतिबंधाची पहिली चौकी आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घालायला गावातल्या कुणीही एक अर्ज दिला, तरी सुरुवात होते.