बर्गे एकदम उचलले तर?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे असते. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. मला हा बंधारा आणखी एका कारणासाठी आठवतो. ताऱ्यांमधल्या वायूच्या हालचालीचे गणित मी संगणकावर चालवतो, आणि त्या गणिताची पहिली परीक्षा समजवायला बंधाऱ्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

द्रव आणि वायू मिळून द्रायू. त्यांचे वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा हिशेब समीकरणांत मांडता येतो. पण ताऱ्याच्या स्फोटासारख्या प्रसंगी तो कागदावर सुटत नाही. मग अवकाशाची लहान लहान घरे पाडून संगणक प्रत्येक घराचा जमाखर्च ठेवतो. अडचण अशी, की संगणक काहीतरी उत्तर बहुधा देतोच, आणि चित्रही देखणे येते. त्यात दिसणारा भोवरा ताऱ्याचा की प्रोग्रामचा, हे कसे ठरवायचे? म्हणून ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशी गणिते त्याला प्रथम घालतात.

त्यातले सर्वांत परिचित गणित गॅरी सॉड यांनी १९७८ साली वापरले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत बर्गे बसवून पाणी अडवतात. ते सगळे एका क्षणी उचलले अशी कल्पना करा. खालच्या बाजूला पाण्याची भिंत धावेल, वरच्या बाजूला उतरती पातळी मागे सरकत जाईल. सॉडच्या नळीत पाण्याऐवजी वायू आहे: पडद्याच्या डावीकडे घनता १ आणि दाब १, उजवीकडे घनता ०.१२५ आणि दाब ०.१. पडदा काढताच उजवीकडे आघात तरंग जातो, डावीकडे विरलन पसरते, आणि दोन्ही वायू भेटतात ती सीमा मधून सरकते. ही तिसरी गोष्ट बंधाऱ्याच्या पाण्यात नसते. नळीची लांबी १, पडदा मध्यावर आणि वेळ ०.२ धरली, तर आघात ०.८५ वर आणि सीमा सुमारे ०.६८५ वर हवी.

गंमत अशी, की १९५९ साली गोदुनोव्ह यांनी मांडलेल्या पद्धतीत हीच कल्पना गणिताच्या पोटात आहे. शेजारच्या दोन घरांमधली प्रत्येक भिंत हा एक छोटा बंधारा. प्रत्येक पावलाला त्याचे बर्गे उचलायचे आणि किती पलीकडे गेले ते मोजायचे.

आघात थोडा पसरट दिसला तर घाबरायचे कारण नाही. घरे वाढवली की तो रेखीव होतो. आघात रेखीव असून जागा चुकली, तर मात्र प्रकरण गंभीर. ऊर्जेचा हिशेब घराघरांत काटेकोर जुळत नसेल तर असे होऊ शकते, आणि घरे कितीही वाढवली तरी ती चूक जात नाही.

दुसरी परीक्षा सेदोव्ह-टेलर स्फोटाची. एका बिंदूत ऊर्जा ओतली की आघाताचा गोल पसरतो. वेळ ३२ पट झाली की त्रिज्या ४ पट. याच नियमाने टेलर यांनी १९४५ च्या न्यू मेक्सिकोतील अणुचाचणीच्या छायाचित्रांवरून तिची ऊर्जा सुमारे १७ हजार टन टीएनटीइतकी काढली आणि १९५० साली प्रसिद्ध केली. अतिनवताऱ्याच्या स्फोटातही काही काळ हाच नियम चालतो. चौकोनी घरांवर हा गोल गोलच राहतो का, हेही इथे कळते.

एवढ्याने भागत नाही. २००७ साली ऑस्कर अगेर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी थंड, दाट ढगावर उष्ण वायूचा वेगवान झोत सोडण्याचे गणित वेगवेगळ्या प्रोग्रामना घातले. घरे पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये ढगाच्या कडेला भोवरे उठून तो विरला. वायूचे कण मानणाऱ्या तेव्हाच्या रूढ पद्धतीत तो बराच काळ टिकला, कारण घनता एकदम बदलते तिथे ती पद्धत खोटा दाब निर्माण करून भोवरे दाबत होती. नळीची परीक्षा ही पद्धतही देऊ शकत होती. भोवऱ्यांची देताना अडली. दीर्घिकेत पडणारा वायूचा ढग टिकतो की विरतो, यावर तिथल्या ताऱ्यांचा हिशेब अवलंबून असतो.

म्हणून विश्वाच्या संगणकीय चित्राची बातमी वाचली की रंगांआधी मी एकच पाहतो: हा प्रोग्राम कोणकोणत्या परीक्षांना बसला होता, आणि चित्रात जे घडते आहे त्याची परीक्षा त्यांत होती का.