हिचकॉकच्या आख्यायिका आणि त्यांच्याआड गेलेली माणसं

आल्फ्रेड हिचकॉकचे चित्रपट जितके फिरले, तितकेच त्याच्याबद्दलचे किस्सेही फिरले. त्यातले बरेच त्याने स्वतःच पसरवले. मुलाखतीत गोष्ट रंगवून सांगण्याची त्याला हौस होती आणि स्वतःचं नाव लोकांच्या डोक्यात कसं ठसवायचं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. पण या किश्शांनी एक नुकसान केलं. चित्रपट एकाच माणसाच्या डोक्यात पूर्ण तयार होतो आणि बाकीचे फक्त हुकूम पाळतात, असा समज त्यांनी रुजवला. वस्तुस्थिती त्याहून कितीतरी रंजक आहे.

सुरुवात ‘सायको’पासूनच करायला हवी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याभोवती आहेत. शॉवरखालच्या खुनाच्या दृश्यात जॅनेट लीची किंकाळी खरी वाटावी म्हणून हिचकॉकने अचानक बर्फासारखं गार पाणी सोडलं, ही गोष्ट आजही छातीठोकपणे सांगितली जाते. ती खोटी आहे. पाणी कोमट होतं आणि ते तसंच राहील याची काळजी घेतली जात होती, हे लीने स्वतः सांगितलं आहे. पुढे तिने या चित्रपटाच्या निर्मितीवर पुस्तकही लिहिलं. त्या किंकाळीचं श्रेय गार पाण्याला देणं म्हणजे एका चांगल्या अभिनेत्रीचं काम नाकारणं आहे.

हे दृश्य डिसेंबर 1959 मध्ये तब्बल आठवडाभर चित्रित होत होतं. पडद्यावर जेमतेम तीन मिनिटं चालणाऱ्या प्रसंगासाठी सत्तरहून जास्त वेळा कॅमेऱ्याची मांडणी बदलली गेली. काही शॉटमध्ये लीच्या जागी मार्ली रेन्फ्रो ही मॉडेल उभी राहिली. आणि पडदा सारून चाकू उगारणारा अँथनी पर्किन्स? तो तेव्हा तिथे नव्हताच! न्यूयॉर्कमध्ये एका संगीतिकेच्या तालमीत होता. ती सावली स्टंटचं काम करणाऱ्या एका बाईची आहे. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, ही गोष्ट मात्र खरी. कृष्णधवल फिल्मवर ते रक्तापेक्षा रक्तासारखं दिसतं.

चाकू अंगाला एकदाही टेकत नाही, असं हिचकॉक मुलाखतींत सांगायचा. एकेक फ्रेम थांबवून पाहिलं तर काही फ्रेममध्ये पात्याचं टोक पोटाला टेकलेलं स्पष्ट दिसतं. म्हणजे दिग्दर्शकाच्या तोंडून ऐकलेली गोष्टही पडद्यावर तपासून घ्यावी लागते.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. हे दृश्य हिचकॉकने नव्हे, तर श्रेयनामावली रचणाऱ्या सॉल बासने दिग्दर्शित केलं, असं म्हटलं जातं. बासने शॉटगणिक चित्रं काढली होती आणि त्यांचा प्रभाव दृश्यावर उघड दिसतो. पण सेटवर असलेल्या लीने आणि सहाय्यक दिग्दर्शक हिल्टन ग्रीनने हा दावा ठामपणे फेटाळला. प्रत्येक शॉटच्या वेळी हिचकॉक तिथे हजर होता, असं दोघांचंही म्हणणं. मला ही साक्ष पुरेशी वाटते. बासचं श्रेय आराखड्याचं आहे आणि ते काही छोटं नाही.

खरा चुकलेला अंदाज हिचकॉकचा स्वतःचा होता. या खुनाच्या प्रसंगात संगीत नकोच, फक्त पाण्याचा आवाज हवा, अशी त्याची सूचना होती. संगीतकार बर्नार्ड हरमनने ती न जुमानता फक्त तंतुवाद्यांवर तो चिरकणारा तुकडा रचला आणि त्याला ऐकवला. हिचकॉकने लगेच मत बदललं. आज ‘सायको’ म्हटलं की आधी कानात तेच सूर घुमतात.

दुसरा मोठा गैरसमज असा की, हिचकॉक चित्रीकरणाआधीच शॉट न् शॉट कागदावर काढून ठेवायचा आणि सेटवर नवं काही घडायचंच नाही. पटकथा झाली की माझ्यासाठी चित्रपट संपला, असं तो म्हणायचा, त्यामुळे हा समज पक्का झाला. तो तयारी बारकाईने करायचा, यात शंकाच नाही. पण बिल क्रोन या अभ्यासकाने स्टुडिओची कागदपत्रं तपासली तेव्हा निराळंच चित्र पुढे आलं. पटकथा चित्रीकरणाच्या काळातही बदलत होत्या, सेटवर नवे शॉट सुचत होते. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये उघड्या शेतात विमान कॅरी ग्रँटच्या मागे लागतं, त्या प्रसंगाची प्रसिद्ध रेखाचित्रं तर चित्रीकरण झाल्यानंतर, प्रसिद्धीसाठी काढली गेली होती.

‘रोप’ (1948) एकाच अखंड शॉटमध्ये चित्रित झाला, हेही असंच. ते शक्यच नव्हतं, कारण कॅमेऱ्यात एका वेळी साधारण दहा मिनिटांचीच फिल्म मावायची. म्हणून कॅमेरा एखाद्या पात्राच्या गडद कोटापाशी जायचा, पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पुढचा शॉट तिथून सुरू व्हायचा. पण सगळेच सांधे असे लपवलेले नाहीत. चित्रपटगृहात प्रोजेक्टरवरचं रीळ बदलताना तसंही खंड पडणार होता, त्यामुळे त्या ठिकाणी सरळ उघडे कट आहेत. लक्ष देऊन पाहिलं तर ते सहज दिसतात.

माझ्या मते या चित्रपटातली खरी कमाल कटांच्या संख्येत नाही. अवजड टेक्निकलर कॅमेरा खोल्यांमधून फिरताना भिंती रुळांवरून बाजूला सरकवल्या जात, सामान उचललं जाई, कॅमेरा गेला की परत जागेवर ठेवलं जाई, आणि हे सगळं आवाज न करता. खिडकीबाहेर न्यूयॉर्कची प्रतिकृती उभी होती. काचतंतूंचे ढग शॉटगणिक हलवले जात, संध्याकाळ हळूहळू उतरत जाई. आकाशाचा नारिंगी रंग फारच भडक आला म्हणून शेवटची रिळं पुन्हा चित्रित करावी लागली. एका कलाकाराचा पाय अडखळला तर सगळ्यांची दहा मिनिटं वाया. असा चित्रपट एकटा माणूस करूच शकत नाही.

‘व्हर्टिगो’मध्ये जिना पायाखाली ताणला जातो, त्या शॉटलाही लोक ‘हिचकॉकची युक्ती’ म्हणतात. परिणाम त्याला हवा होता, हे खरं. तो साधला दुसऱ्या युनिटच्या कॅमेरामनने, आयर्मिन रॉबर्ट्सने. कॅमेरा एका दिशेला नेत त्याच वेळी झूम उलट दिशेला घ्यायचा, आणि खरा जिना न वापरता त्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवायची, असा तो प्रकार. याच चित्रपटात सान हुआन बाउतिस्ताच्या चर्चवर ज्या मनोऱ्यातून बाई खाली पडते, तो मनोरा तर चित्रीकरणाच्या वेळी तिथे नव्हताच. पडद्यावर दिसतो तो चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेला.

‘द बर्ड्स’मध्ये संगीत नाही म्हणून आवाजावर काम कमी झालं असेल, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात ऑस्कर साला आणि रेमी गासमान यांनी ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर पक्ष्यांचे कित्येक आवाज घडवले. पण या चित्रपटाचा एक किस्सा मात्र गंमत म्हणून सांगणं थांबायला हवं. माळ्यावरच्या हल्ल्यासाठी यांत्रिक पक्षी असतील, असं नायिका टिपी हेड्रनला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात पाच दिवस तिच्यावर जिवंत पक्षी फेकले गेले, एकामुळे डोळ्याजवळ जखम झाली, शेवटी डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. हिचकॉकने आपला छळ केला, असं तिने 2016 च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्या दृश्यातली भीती म्हणजे दिग्दर्शकाचं कौशल्य, असं म्हणून हे झाकता येत नाही.

त्याच्या एकाही चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं नाही, हे खरं नाही. ‘रेबेका’ला ते मिळालं, पण निर्माता म्हणून ते डेव्हिड सेल्झनिककडे गेलं. दिग्दर्शनासाठी हिचकॉकला पाच नामांकनं मिळाली, बक्षीस एकदाही नाही.

राहिली आल्मा रेव्हिल. ‘हिचकॉकची बायको’ एवढीच तिची ओळख करून दिली जाते. लग्नाआधीपासून ती संकलन करत होती, पटकथाही लिहायची. ‘सायको’ जवळपास पूर्ण झाल्यावर मेलेली जॅनेट ली श्वास घेताना तिलाच दिसली आणि तो भाग काढावा लागला. 1979 मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव स्वीकारताना हिचकॉकने चार जणांचे आभार मानले: एक संकलक, एक पटकथाकार, मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाकी. चौघांचं नाव एकच होतं, आल्मा रेव्हिल. श्रेयनामावलीत मात्र ते ‘स्टेज फ्राइट’ (1950) नंतर आलेलं नाही.