विद्यापीठाचे धर्मग्रंथालय आणि आपल्या घरच्या पोथ्या

न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देणगीदारांची यादी, अहवाल व शुभसंदेश हे असावयाचेच. त्यांच्या जोडीस एका अशा कार्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, की ज्यात पैशापेक्षा आपल्या माळ्यावरील गाठोड्यांचा उपयोग अधिक आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात धर्मविषयक संग्रह कसा उभा राहतो आणि बिदर-कलबुर्गीच्या मराठी कुटुंबांचा त्यात वाटा कोणता, हा तो विषय होय.

ग्रंथसंग्रह ही गोष्ट आपल्या प्रांतास नवी नाही. चित्तापूर तालुक्यातील नागावी येथे चालुक्यांच्या काळी मोठी घटिका, म्हणजे विद्यापीठच, नांदत होती. तेथील 1058 सालच्या शिलालेखात वेदांचे व शास्त्रांचे विद्यार्थी आणि त्यांचे अध्यापक यांच्या नेमणुका सांगितल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर सहा ‘सरस्वती-भांडारिकां’च्याही, म्हणजे ग्रंथपालांच्या. साडेनऊशे वर्षांपूर्वी एका विद्यास्थानास सहा ग्रंथपाल लागत होते, आणि त्यांच्या चरितार्थाची तरतूद दानपत्रात करणे दात्यास अगत्याचे वाटले, ही गोष्ट आजच्या संस्थाचालकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे. पुढे 1472 च्या सुमारास महमूद गवान याने बिदरास मदरसा बांधला. त्यात तीन हजार ग्रंथ होते असे इतिहासकार सांगतात. 1481 मध्ये गवानचा वध झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती इमारतही स्फोटात निम्मी उद्ध्वस्त झाली. मनोरा व भिंतींवरील रंगीत कौलकाम अद्याप दिसते. ते ग्रंथ मात्र तेथे नाहीत. इमारत निम्मी पडली तरी निम्मी उरते, ग्रंथांचे तसे होत नाही.

आता आजच्या काळाकडे वळू. गुलबर्गा विद्यापीठ 1980 साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठापासून स्वतंत्र झाले, आणि अलीकडे या भागात आणखीही विद्यापीठे निघाली आहेत. अशा ठिकाणी ‘धर्म’ या विषयाची पुस्तके जमवावयाची म्हणजे काय करावयाचे? पुष्कळांची समजूत अशी, की गीता, कुराण, बायबल आणि चार संतांच्या गाथा आणून ठेवल्या म्हणजे काम झाले. देवघरास तेवढे पुरे आहे, अभ्यासकास नाही. त्यास मूळ ग्रंथ तर हवाच. पण त्यावरील टीका, त्या टीकेस विरोधकांनी दिलेले उत्तर, मठांच्या सनदा, जत्रेचे हिशेब, कीर्तनकारांच्या वह्या, इतकेच काय व्रतांच्या स्वस्त छापील चोपड्याही हव्यात. पंडिती ग्रंथ कोठेही मिळेल. गावच्या यात्रेत विकली गेलेली आठ पानांची आरती मात्र पन्नास वर्षांनी कोठेच मिळत नाही.

पुस्तके आली की ती लावावयाची कोठे, हा पुढचा प्रश्न. आणि आमच्या मते सर्वांत मनोरंजक भाग हाच. अमेरिकेच्या मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये केलेली वर्गीकरणाची दशांश पद्धती आपल्याकडेही चालते. तीत धर्मास 200 ते 299 हे आकडे दिले आहेत. परंतु त्यातील 220 पासून 289 पर्यंतचे सारे घर एकट्या ख्रिस्ती धर्माचे, आणि उरलेल्या जगाने 290 च्या एका खोलीत दाटीने राहावयाचे! हिंदू धर्म 294.5, जैन 294.4, शीख 294.6, इस्लाम 297. आपले डॉ. रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू पद्धती काढली व तीत वैदिक, हिंदू, जैन, बौद्ध इत्यादींस स्वतंत्र स्थाने दिली, तेव्हा ही दाटी कमी झाली.

तरीही आपल्या भागातील ग्रंथ कोणत्याही चौकटीत सरळ बसत नाहीत. हुमनाबादजवळील माणिकनगरच्या श्रीमाणिकप्रभूंनी (1817–1865) सकलमत संप्रदाय स्थापला व पदे रचली ती एकाच भाषेत नव्हेत. मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत. शहा मुंतोजी हे परंपरेने बहमनी घराण्यातले मानले जातात. ते मृत्युंजय झाले व त्यांनी ‘सिद्धसंकेतप्रबंध’ हा मराठी ग्रंथ लिहिला. त्यांस 294.5 मध्ये ठेवावे की 297 मध्ये? बिदरच्या अमलात वाढलेल्या दासोपंतांनी (1551–1615) तर चक्क कापडावर ‘पासोडी’ लिहिली. ती कपाटात उभी कशी करणार? ग्रंथपाल यावर तोड काढतो ती अशी: ग्रंथ एका जागी ठेवावा, परंतु तालिकेत त्याची नोंद चार ठिकाणी करावी, कर्त्याखाली, भाषेखाली, संप्रदायाखाली व गावाखाली. वस्तू एक, वाटा अनेक. कलबुर्गीस 1422 मध्ये समाधिस्थ झालेल्या ख्वाजा बंदेनवाजांचे फारसी ग्रंथ, बसवकल्याणच्या शरणांची कानडी वचने आणि आपल्या मराठी पोथ्या एकाच तालिकेत आल्या, तरच या प्रांताचा धर्मेतिहास विद्यार्थ्यास उलगडेल.

येथे आपल्या लोकांचा संबंध येतो. 1956 साली हैदराबाद संस्थानाच्या जागी झालेल्या राज्याचे विभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले. आपण इकडे राहिलो. आपली मुले कानडी शाळांत उत्तम शिकली, त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण आजोबांच्या मोडी लिपीतील कागद वाचणारे घरात कोणी उरले नाही. जे वाचता येत नाही ते रद्दीत जाते, नाहीतर गणपतीबरोबर पाण्यात.

विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी घरोघरची ताडपत्रे गोळा करून 1923 मध्ये ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध केले व पुढे स्वतःचा छापखाना काढला, म्हणून वचने आज सर्वांच्या हाती आहेत. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी बाडे अशीच मठामठांतून मिळविली. आपल्या भागातील मराठी पोथ्यांसाठीही तितक्याच चिकाटीच्या माणसाची गरज आहे.

‘पूजेतली पोथी बाहेर कशी द्यावी?’ असे आमच्या भगिनी विचारतात, व तो प्रश्न रास्त आहे. पोथी द्यावीच असे नाही. तिची छायाप्रत करून मूळ घरी परत आणता येते. मात्र हे बोलणे आधी लेखी करून घ्यावे. द्यावयाचीच असल्यास पोच मागावी, आणि पोथीवर घराण्याचे नाव राहील काय, ती विकली जाणार नाही ना, हे विचारण्यास संकोच करू नये.

तोवर घरी एवढे करावे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांनी अक्षरेच घेऊन निघते. पाने ओली झाली असल्यास उन्हात नव्हे, सावलीत वाळवावीत. गाठोडे जमिनीवर ठेवू नये, वाळवी तेथूनच येते. जुने लेखक पोथीच्या शेवटी विनवून जात, की हिला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा. तोच सल्ला आजही पुरतो. पाने सुटी असली तरी त्यांचा क्रम बदलू नये. शेवटचे पान विशेष जपावे, कारण शके, गाव व लिहिणाराचे नाव बहुधा तेथेच असते. आणि एका चिठ्ठीवर पोथी घरात कोणाकडून आली, कोणत्या सणास वाचली जाई, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे व ती चिठ्ठी दोरीत अडकवून ठेवावी.