बंगला तोच, घर नवं!

जुना बंगला म्हटला की मित्रमंडळींचे सल्ले ठरलेले. ‘बिल्डरला देऊन टाक, दोन फ्लॅट मिळतील!’ पण बाबांना घर सोडायचं नव्हतं आणि आईच्या गुडघ्यांना जिना नको होता. त्यात आम्ही दोघं नोकरीवाले आणि लेक पाच वर्षांची. मग ठरवलं, एरंडवण्यातला हा १९६९ चा बंगलाच तीन पिढ्यांना पुरेल असा करायचा.

माझी पहिली फर्माईश अर्थातच ओपन किचन! इंजिनिअरसाहेबांनी हातोडीच्या आधी टेप काढली. त्या काळातले बरेचसे बंगले ‘लोड बेअरिंग’, म्हणजे आरसीसी खांबांवर नव्हे, तर विटांच्या भिंतींवर उभे. साडेचार इंची भिंत सहसा नुसता आडोसा असते; नऊ इंची असेल तर तिच्यावर स्लॅब टेकलेला असू शकतो. आमची नऊ इंचीच निघाली. म्हणून अख्खी भिंत न पाडता सहा फुटांचं ओपनिंग केलं. आधी स्लॅबला टेकू, मग लोखंडी गर्डर आणि त्यानंतरच खालची तोडफोड.

नवी बेडरूम वर चढवायची की मागे काढायची, यावर घरात दोन पार्ट्या पडल्या. वर मजला म्हणजे जुन्याच भिंतींवर नवं ओझं, आणि आईचा जिना काही सुटत नव्हता. त्यामुळे खोली मागच्या अंगणात काढली, स्वतःच्या पायावर, स्वतःच्या खांबांवर. नवा पाया सुरुवातीला थोडा बसतो, जुना बसून झालेला असतो. दोन्ही घट्ट जोडले तर सांध्यावर तडे जातात. म्हणून मध्ये जॉइंट सोडला आणि पाणी शिरू नये म्हणून तो वरून झाकला.

त्या खोलीच्या बाथरूमला तीन फुटी दार, उंबरठा नाही, कमोडशेजारी आधाराचा दांडा. ‘आम्ही एवढे म्हातारे नाही हं!’ असं म्हणून आईने दांड्यावर टॉवेल वाळत घातला.

जुनं वायरिंग लाकडी पट्टीवरचं, अर्थिंगचा पत्ता नाही. त्यावर एसी, गीझर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. सगळं बदललं, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हा खर्च पाहुण्यांना दिसत नाही, पण टाइल्सच्या आधी तोच करा.

आणि हो, परवानगी! मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. एफएसआय किती उरलाय, बाजूला किती जागा सोडायची, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या आणि नकाशा मंजूर झाल्यावरच कुदळ मारा. विनापरवाना खोली पुढे कर्ज काढताना किंवा घर विकताना नडते.

बाबांची मोझॅक फरशी मात्र तशीच ठेवली, नुसतं पॉलिश मारलं. लेक तिच्यावर लंगडी घालते, ती मला ओट्यापाशी उभं राहून दिसते. आणि आजीने हाक मारली की चार उड्यांत ती आजीपाशी पोचते. दोन फ्लॅटमध्ये हे कसं जमलं असतं?